मोठ्यानं घे, मागं ऐकू येत नाही

"मोठ्यानं घे गं! मागं ऐकू येत नाही!"

मांडवाच्या पार मागच्या रांगेतून जयवंतची मावशी ओरडली, आणि मुंडावळ्यांच्या आडून एक आवाज आला. तोवर जयवंतनं नवरीचा आवाज ऐकलाच नव्हता. बघायला गेला तेव्हा तिनं पोह्यांची बशी पुढं केली होती, तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं, आणि उघडलं ते असं :

क्लॅरिनेटला लागतो श्वास, ताशाला लागतो हात,
जयवंतरावांचं नाव घेते, पण ते का बोलेनात?

हसून हसून मांडव आडवा झाला. नवरदेव म्हणजे जोतिर्लिंग ब्रास बँडचा क्लॅरिनेटवाला, जयवंत वायदंडे. पंचक्रोशीतल्या वराती त्याच्या फुंकरीवर चालायच्या, आणि स्वतःच्या लग्नात हा गडी मुका. सगळ्यांनी त्याला धरलं. "आता तू घे! घे नाव!" कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. जीभ टाळूला चिकटली.

"घेईन की," तो कसाबसा म्हणाला, "पुढच्या वेळी."

पुढची वेळ पुष्कळदा आली. सत्यनारायण झाला, बारसं झालं, पोरगी उज्ज्वला उजवली. दर वेळी बायका त्याला घेरायच्या आणि दर वेळी तो वाद्य तोंडाला लावून निसटायचा. त्याची बायको शालन डोळे बारीक करून म्हणायची, "माझं एक नाव तुमच्यापाशी राहिलंय हं." घरात तो तिला "ऐकलंस का" म्हणायचा, ती त्याला "अहो". या दोन हाकांवर त्यांचा सगळा संसार झाला, आणि चांगला वाजतगाजत झाला.

आता शालन ऐंशीला टेकली होती, आणि तिच्या मनातली माणसं एकेक करून आपापली नावं खाली ठेवून चालली होती. आधी शेजारपाजारची गेली, मग नातवंडं गेली. एका सकाळी चुलीपाशी बसलेल्या जयवंतकडं बघून ती म्हणाली, "पाहुणे, चहा घेणार?"

जयवंतनं दाराकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं. पण बँडवाल्याला सूर चुकला तरी वाजवत राहायची सवय असते. तो म्हणाला, "घेतो की."

तासाभरानं पुन्हा, "पाहुणे, चहा?"

"चालंल."

"लईच चहाबाज पाहुणे दिसताय," ती हसून म्हणाली, आणि जयवंतही हसला. असे ते दोघं कितीतरी दिवस पाहुणे आणि यजमानीण होऊन सुखानं राहिले.

मग शालन न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं.

पहिल्या दवाखान्यात ऑपरेशन नीट झालं, पण शालनला ते कुठं ठाऊक? जाग आली तर अनोळखी छत, नाकाला अनोळखी वास, हातात सुई. तिनं सुई उपसली. तिथल्या लोकांनी तिचे हात खाटेला बांधले आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. उज्ज्वला आईच्या मनगटांवरचे वळ बघून ढसाढसा रडली, आणि तिनं धावाधाव करून आईला कऱ्हाडबाहेरच्या माळावर नव्यानंच उभ्या राहिलेल्या 'ओलावा' रुग्णालयात हलवलं.

ओलाव्याचा स्मृती-कक्ष बघितला की हा दवाखाना आहे यावर विश्वास बसायला वेळ लागायचा. प्रत्येक खाटेवर घरची वाकळ. कोपऱ्यात खरा ओटा. सकाळी तिथं फोडणी पडली की अर्धा कक्ष आपसूक जागा व्हायचा. नर्स रोज त्याच. पलीकडच्या खाटेवरचे कुंभोजकर गुरुजी रोज हजेरी घ्यायचे, आणि डॉक्टरांसकट सगळे "हजर" म्हणायचे. कुणाला बांधायचं नाही, कुणाला उगीच झोपवायचं नाही.

हे सगळं चालायचं एका बांगडीवर.

माणूस माणसाला ओळखतो तेव्हा मेंदूत दोन वाटा चालू होतात. एक मोठा रस्ता. चेहऱ्यापासून निघून नावापर्यंत जाणारा, पुलापुलांचा. दुसरी पायवाट, चेहऱ्यापासून थेट काळजापर्यंत जाणारी. नाव ओठांवर येण्याच्या कितीतरी आधी पायवाटेवरून खबर पोचलेली असते. तळहाताला किंचित घाम सुटतो, नाडी एक ठोका उचलते, बुबुळ तीळभर उघडतं. विस्मरणाच्या आजारात आधी मोठ्या रस्त्यावरचे पूल पडतात. पायवाट बरेच दिवस तशीच राहते, फक्त तिच्यावर कोण आलं-गेलं ते सांगायला कुणी उरत नाही.

रुग्णाच्या हातातली ती यंत्राची बांगडी त्या पायवाटेवर कान लावून बसायची. ओळखीचं माणूस, ओळखीचा वास, ओळखीचा सूर आला की खाटेवरचा दिवा हळूहळू मधाच्या रंगाचा व्हायचा. नर्सला कळायचं, आजीला काय रुचतं. बायकांसाठी ती हिरव्या काचेसारखी केली होती. शालननं हातातली सुई उपसली होती, पण हिरवी बांगडी? सवाष्णीनं ती काढायची असते होय? तिनं तीनदा हात हलवून किणकिणाट ऐकला आणि समाधानानं मांडीवर ठेवला.

चार-आठ दिवसांत शालन वॉकर धरून ओट्यापर्यंत जायला लागली. आर्वी नावाची तिची तरणी नर्स होती, तिला ती भाजी निवडता निवडता दटावायची. "देठं काढ पोरी. गुरं जेवणार आहेत का?"

फक्त एक राहिलं होतं. या कक्षात प्रत्येक रुग्णाजवळ घरचा एक सोबती रात्रंदिवस राहायचा. त्याच्यासाठी शेजारी दुसरी खाट असायची. जयवंत वळकटी बांधूनच आला होता. कवळी ठेवायची डबीसुद्धा घेतली होती.

"आधी चाचणी होते, आजोबा, तोवर सोबत्याला आत सोडत नाही," डॉ. इरावती टिपणीस म्हणाल्या. तरुण होत्या, बेंगळुरात वाढलेल्या. मराठी घरचं, पण पुस्तकासारखं. "बांगडीला ओळख कळते. पण प्रेम आणि भीती तिला वेगळी काढता येत नाही. दोन्ही एकाच पायवाटेनं येतात. मागं एका कक्षात एका बाईंचा दिवा भाच्याला बघून भडकला. सगळ्यांना वाटलं, किती माया! त्याला सोबती नेमलं. नंतर कळलं, तो त्यांना छळत होता. म्हणून आता दिव्याबरोबर रुग्णाचं वागणंही बघतो. यंत्र फोटो दाखवतं आणि विचारतं. खोलीत दुसरं कुणी नसतं, नाहीतर दिवा गढूळ होतो."

"विचारा की," जयवंत म्हणाला. मनात मात्र धाकधूक. दिवा लागलाच नाही तर? इतक्या वर्षांचा संसार आणि पायवाटसुद्धा पुसली असली तर?

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एकट्या उज्ज्वलाला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा जयवंत आवारातल्या करंजाच्या झाडाखाली वळकटीवर बसला होता.

"लागला का दिवा?"

"लागला," उज्ज्वला म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, इतका मोठा दिवा त्यांनी आजवर बघितला नव्हता."

जयवंतचा चेहरा उजळला. तो वळकटी उचलायलाच लागला.

"बसा, बाबा." ती त्याच्याकडं बघत नव्हती. "यंत्रानं भय म्हणून लिहिलंय. आईच्या अंगाला तुमची ओळख आहे, पण ती भीतीची आहे. तुम्हाला आत सोडायचं नाही असं ठरलंय. लांबूनसुद्धा दिसायचं नाही."

"कशावरनं म्हणतात?"

"ते सांगत नाहीत. आईनं यंत्रापाशी जे उघडं केलं ते तिथंच राहतं." थोडा वेळ ती करंजाचं पान चुरगाळत राहिली. मग तिनं विचारलंच. "बाबा, मी लहान असताना... मी झोपल्यावर... तुम्ही आईला कधी मारलंत का?"

जयवंतनं वळकटी परत खाली ठेवली.

"अगं, मी तिला कधी हाकसुद्धा धड मारली नाही."

उज्ज्वलानं मान हलवली. पण ती मान विश्वासानं हलली की नुसतीच, हे त्याला कळेना. लेकीनं बापाकडं असं बघणं त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

मग तो आपला सगळा जन्म उलटापालटा करून बघायला लागला. एकदा भाजीत मीठ नव्हतं म्हणून त्यानं ताट सरकवलं होतं. वरातीहून उशिरा येऊन दार बडवलं होतं. ते सरकवलेलं ताट त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. माणसाला वाटतं आपण चांगले वागलो. पण चांगले वागलो हे शेवटी ज्याच्याशी वागलो त्यानं सांगायचं असतं. आणि शालनच्या अंगानं सांगून टाकलं होतं.

तो डॉक्टरांना जाऊन म्हणाला, "तिला माझं भ्या वाटत असंल तर मी नाही दिसायचो. पर तिला एकटी ठेवू नका. ती संध्याकाळी कावरीबावरी होते."

तरी रोज तो करंजाखाली यायचाच. शेवग्याच्या शेंगा, कोवळी वांगी, गवारी घेऊन यायचा आणि उज्ज्वलाच्या हाती आत धाडायचा. एकदा ती बाहेर येऊन म्हणाली, "शेंगा बघून दिवा लागला आज."

"शेंगांना लागला," जयवंत म्हणाला. "बरं झालं. कुणाला तरी लागला."

लेकीला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ती त्याच्या शेजारी वळकटीवर बसली. तिलाही कोडं सुटत नव्हतं. हा माणूस आणि भीती, दोन्ही एका घरात होती कुठं?

महिनाअखेर आर्वीचं लग्न ठरलं. शालनला हे दर सकाळी नव्यानं कळायचं आणि दर सकाळी ती नव्यानं हरखायची. "केळवण केलं का पोरीचं? नाही? मग आम्ही काय मेलो का?"

डॉ. इरावतींनी ते उचलून धरलं. कक्षातच केळवण करायचं. ज्यांचे हात काही विसरले नव्हते त्यांना काम द्यायचं. त्या दुपारी कक्षाचं लग्नघर झालं. कुणी कणीक तिंबली, कुणी पाट मांडले. ज्या आजींना स्वतःचं गाव आठवत नव्हतं त्यांनी पाटाभोवती अशी रांगोळी ओढली की फोटो काढायला झुंबड उडाली. शालन ओट्यापाशी खुर्ची टाकून पुरणात बोट बुडवत होती आणि "वेलची कुणी खाल्ली?" म्हणून जाब विचारत होती. डॉक्टरांच्या हाती पळी दिली होती. मधाच्या रंगाचे दिवे खाटांवर एकामागून एक लागत होते.

वाफ जाईना म्हणून खिडक्या सताड उघडल्या होत्या. बाहेर करंजाखाली, भिंतीआड, कुणाला दिसणार नाही असा जयवंत बसला होता. उज्ज्वला त्याला पत्रावळीवर पुरणपोळी देऊन आत गेली होती.

आर्वीला पाटावर बसवलं. ओवाळलं. आणि मग व्हायचं तेच झालं.

"नाव घे! नाव घे!"

आर्वी लाजत, पुटपुटत काहीतरी म्हणाली. त्यात मल्हार एवढंच कळलं. तेवढ्यात शालननं पुरणाचं बोट वर केलं.

"मोठ्यानं घे गं! मागं ऐकू येत नाही!"

सगळे हसले. आर्वीनं पुन्हा घेतलं, खणखणीत. टाळ्या पडल्या. मग ती म्हणाली, "आता आजींनी घ्यायचं!"

"मी?" शालननं पदर सावरला. मान खाली घातली, तोंड भिंतीकडं वळवलं, ओठ घट्ट मिटले. हिरवी बांगडी किणकिणली. मग भिंतीकडं बघतच, एका दमात, तिनं घेतलं :

"क्लॅरिनेटला लागतो श्वास, ताशाला लागतो हात,
जयवंतरावांचं नाव घेते, पण ते का बोलेनात?"

एकही शब्द जागेवरून हलला नव्हता. मोठा रस्ता कधीच पडला होता. हे नाव पायवाटेनं आलं होतं, तालात पाय टाकत. तिच्या खाटेवरचा दिवा असा फुलला की भिंतीवर मध सांडल्यासारखा उजेड पडला.

टाळ्या वाजत होत्या, पण डॉ. इरावती टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांचे डोळे स्वतःच्या मनगटावरच्या पट्टीवर होते, जिथं बांगडीची नोंद उमटायची. तीच नाडी. तोच तळव्याचा घाम. तीच वळलेली मान, तेच मिटलेले ओठ. चाचणीच्या चित्रफितीत होतं तसंच्या तसं. आणि पट्टीवर यंत्रानं तोच शब्द लिहिला होता. भय.

"उज्ज्वलाताई," त्यांनी हळू विचारलं, "एरवी आई तुमच्या बाबांना नावानं हाक मारायच्या का?"

"एरवी? छे हो! आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेतात होय? उखाण्यात घेतलं तेवढंच. रेशनच्या दुकानात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की आई मला पुढं ढकलायची. 'सांग गं, तुझ्या बाचं नाव सांग.' आणि स्वतः तोंड फिरवून उभी." उज्ज्वला बोलता बोलता थांबली. "डॉक्टर, यंत्रानं तिला काय विचारलं होतं?"

"फोटो दाखवला," डॉक्टर म्हणाल्या, "आणि म्हणालं, यांचं नाव सांगा."

"अगं बाई!"

"तीनदा विचारलं. तीनदा त्यांनी पदर ओढून तोंड फिरवलं."

"अहो, फिरवणारच!"

आणि एकदम उज्ज्वला खो खो हसायला लागली. हसता हसता ती खाली बसली. डॉ. इरावती मात्र तशाच, हातात पुरणाची पळी घेऊन, कक्षाबाहेर धावल्या.

पुढं त्या बांगडीला एक नवा शब्द शिकवला गेला. तो शिकवायला डॉक्टरांना किती गावांतल्या किती आज्या गाठाव्या लागल्या, ती वेगळीच कथा आहे. भीतीनं वळलेली मान ताठ असते, खांदे वर येतात, श्वास अडकतो. आणि लाजेनं वळलेली मान सैल असते, श्वास खोल जातो, आणि डोळा कोपऱ्यातून माघारी येतो. यंत्र करणाऱ्यांनी भय, राग, दुःख, आनंद सगळं भरलं होतं. लाज भरायची राहून गेली होती. त्यांच्या घरात ती कुणी बघितलीच नसावी.

पण ते पुढचं. त्या दुपारी डॉक्टर करंजाखाली पोचल्या तेव्हा जयवंत पोळीचा घास हातात धरून बसला होता. त्यानं शालनचा उखाणा ऐकला होता. घास तोंडात गेला नव्हता.

"आजोबा, आत चला."

"आणि ती घाबरली तर?"

"चूक आमची झाली. माफ करा. त्या तुम्हाला घाबरत नाहीत." डॉक्टरांना धाप लागली होती. "त्या लाजतात."

जयवंत दारात येऊन उभा राहिला. शालननं वर बघितलं. पदर ओढला, मान वळवली, आणि दिवा भडकला. मग तिचा डोळा कोपऱ्यातून हळूच माघारी आला.

"पाहुणे, उभे का? बसा की. पुरणपोळी केलीय."

तो तिच्यासमोर पाटावर बसला. गुडघे कुरकुरले. उज्ज्वला बापाच्या मागं येऊन उभी राहिली आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, घट्ट.

आर्वीला राहवेना. "आजी, हे कोण तुमचे?"

"इश्श!" शालन म्हणाली. "असं विचारतात होय कुणी?"

हशा उसळला. कुंभोजकर गुरुजींनी ताटावर वाटी वाजवली. "शांतता! आता त्यांची पाळी. घ्या नाव!"

"घ्या, घ्या! नाव घ्या!"

जयवंतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तोच मांडव, तीच मावशी, तीच जीभ टाळूला. हात सवयीनं वाद्य शोधायला लागला. वाद्य घरी खुंटीला होतं.

"ते नाही घ्यायचे," शालन आर्वीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पुढच्या वेळी म्हणतात. माझं एक नाव राहिलंय त्यांच्यापाशी."

जयवंतनं तिच्याकडं बघितलं. नातवंडं गेली होती, गाव गेलं होतं, घर गेलं होतं, तो स्वतः पाहुणा झाला होता. आणि एवढं एक तिनं धरून ठेवलं होतं. त्यानं कवळी जिभेनं नीट बसवली. घसा साफ केला. आणि पुटपुटला :

"श्वास गेला वाजवण्यात, नाव राहिलं श्वासात,
शालनचं नाव घेतो आज, दे शालन हातात हात."

शालननं मान तिरकी केली. डोळे बारीक केले.

"मोठ्यानं घ्या," ती म्हणाली. "मागं ऐकू आलं नाही."

मग त्या म्हाताऱ्या बँडवाल्यानं, वरात वेशीवर आल्यावर घ्यायचा तसा, पोटातून श्वास भरून घेतला, आणि खिडक्यांबाहेर, करंजापलीकडं, पार माळापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली.

"शालन!"